खलबत्ता, सातबावन्नची लोकल आणि ब्रॅडली स्टोकचं घर

या सदराकडे आलेल्या एका पत्रातला मजकूर थोडक्यात असा. लिहिणारी ३४ वर्षांची, ठाण्यात वाढलेली, लग्नानंतरही ठाण्यातच राहिलेली. फोर्टातल्या एका बँकेत अकरा वर्षं नोकरी. नवरा विमान उद्योगात इंजिनीअर, दोन वर्षांपूर्वी इंग्लंडात ब्रिस्टलला आला. ती आणि साडेतीन वर्षांचा मुलगा गेल्या सप्टेंबरात आले. शहराच्या उत्तर कडेला ब्रॅडली स्टोक नावाच्या वस्तीत भाड्याचं घर आहे, ओळीतलं, दोन्ही भिंती शेजाऱ्यांना चिकटलेल्या. ‘चार महिन्यांत एकाही शेजाऱ्याच्या घरात पाऊल टाकलेलं नाही. दोन जानेवारीला शेजारणीने दारातून कार्ड टाकलं, पहाटे तुमच्या किचनमधून ठोकण्याचा आवाज येतो म्हणून. आम्ही इथे कुणाला नको आहोत, हे त्या दिवशी कळलं.’ नवरा म्हणतो, भाडं भरणं म्हणजे पैसे पाण्यात, उन्हाळ्यात जवळच नवं घर घेऊन टाकू. तिला लेस्टरला जायचंय, ‘जिथे आपली माणसं आहेत’. प्रश्न एका ओळीचा: ताई, इथे घर घ्यावं की लेस्टरला जावं?

तुमच्या पत्रावर चार जानेवारीची तारीख होती आणि मुलगा जुलैत चार वर्षांचा होईल असं त्यात जाता जाता आलं होतं. म्हणून एक गोष्ट मी सदराची वाट न बघता त्याच रात्री ईमेलने कळवली. बाकीच्यांसाठी इथे पुन्हा सांगते. इंग्लंडात ३१ ऑगस्टपर्यंत चार पूर्ण करणारं मूल त्याच सप्टेंबरात रिसेप्शनच्या, म्हणजे शाळेच्या पहिल्या, वर्गात जाऊ शकतं, आणि त्याचा अर्ज १५ जानेवारीपर्यंत भरायचा असतो. शाळा कोणती मिळाली ते १६ एप्रिलला कळतं. अर्ज जातो तुम्ही राहता त्या कौन्सिलकडे, आणि तुमची कौन्सिल ब्रिस्टलची नव्हे, साउथ ग्लॉस्टरशायरची. पत्त्यात ब्रिस्टल असलं तरी कचऱ्यापासून शाळेपर्यंत सगळा कारभार तिकडचा. शहराच्या कडेला राहणाऱ्या बऱ्याच जणांचा इथेच घोळ होतो. तुमचा अर्ज गेल्याचं उत्तर आलं तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

आता कार्डाकडे येऊ, कारण सगळं पत्र त्या कार्डाभोवती फिरतंय.

त्याचा फोटो तुम्ही जोडलात ते बरं केलंत. नाताळातलं उरलेलं कार्ड दिसतंय, वर रॉबिन पक्षी. आत निळ्या शाईत सहा ओळी. ती लिहिते, की मी शिफ्टमध्ये काम करते, घरी असते त्या दिवशी पावणेसहाला ठोकण्याच्या आवाजाने जाग येते, माझी खोली तुमच्या किचनच्या भिंतीला लागून वरच्या मजल्यावर आहे, काही करता आलं तर फार बरं होईल. खाली तिचं नाव, घराचा नंबर आणि ‘हॅपी न्यू इयर’. त्या शेवटच्या तीन शब्दांखाली तुम्ही पेनने रेघ मारून ‘उपरोध!’ असं लिहिलंय.

मला त्यात उपरोध दिसला नाही. हे कार्ड लिहायला तिला दोन-तीन दिवस लागले असणार, असं मात्र वाटलं. इंग्रज माणसाला शेजाऱ्याचं दार वाजवून तक्रार करणं म्हणजे दात उपटून घेण्याइतकं जड जातं. ज्याला तुम्ही नको असता तो कार्ड लिहीत नाही, आणि लिहिलंच तर नाव-नंबर टाकत नाही. तो थेट कौन्सिलकडे जातो किंवा घरमालकाच्या एजंटला फोन करतो. हिने सही केलीय. म्हणजे उत्तराची वाट ठेवलीय.

आणि आवाज कसला, ते तुम्हीच पुढे लिहिलंय: ह्यांना साडेसहाला निघायचं असतं, चहात आलं ठेचून लागतं. आजीचा पितळी खलबत्ता आहे, ठाण्याहून कपड्यांत गुंडाळून आणलेला. तो तुम्ही ओट्यावर ठेवता आणि ओटा आहे त्या सामाईक भिंतीला टेकलेला. अशा घरांत बोलणं, टीव्ही, मुलाचं रडणं यांतलं बरंचसं भिंतीत अडतं. ठोका अडत नाही. तो ओट्यातून भिंतीत शिरतो आणि भिंतीतून वर चढतो. पहाटेच्या शांततेत तिच्या उशीशी तो कसा पोचत असेल, याची कल्पना करून बघा. आपल्याकडे वरच्या मजल्यावर कुणी रात्री अकराला चटणी वाटायला घेतली की आपणही छताकडे बघून काहीतरी पुटपुटतोच की!

उपाय अगदी साधा आहे. खलबत्ता भिंतीपासून लांब नेऊन ठेवा, खाली जाड टॉवेलची चौपदरी घडी. नाहीतर रात्री जेवणं झाल्यावर आलं किसून डबीत भरून फ्रिजमध्ये टाका. चव थोडी उतरते, मान्य. पण आजीचा खलबत्ता ठाण्यातही पावणेसहाला वाजत नव्हता. तुम्हीच लिहिलंय की तिथे चहा सासूबाई करायच्या, सव्वासातला.

हे मी चेष्टेवारी नेत नाहीये. तुम्हाला जे वाटलं ते हवेतून आलेलं नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडातल्या कितीतरी शहरांत दंगे झाले, ब्रिस्टलमध्येही झाले, आणि त्या आठवड्यात आपल्यापैकी अनेकांनी पडदे ओढून घरात बसून काढलं. खरोखरीचा द्वेष समोर आला, म्हणजे रंगावरून शिवी, दारात घाण, मुलाला उद्देशून काही, तर तो गिळायचा नाही. तारीख, वेळ, शब्द लिहून ठेवायचे, फोटो काढायचा आणि पोलिसांना १०१ वर सांगायचं. धोका समोर उभा असेल तर ९९९. तिथे भिडस्तपणाचं काही काम नाही. पण म्हणूनच त्या खान्यात रॉबिनचं कार्ड टाकू नका. घरासमोर रोज दुसऱ्याची गाडी लागते, तीही टाकू नका. रस्ता सार्वजनिक आहे. तुमच्या गाडीच्या उताराची वाट अडवली नसेल तर तिथे कुणीही गाडी लावू शकतं, आणि अशा दाटीच्या वस्त्यांत गाड्या जास्त नि जागा कमी, हे रडगाणं सगळ्यांचंच असतं.

मी स्वतः मिडलंड्समधल्या एका शहराच्या कडेला बावीस वर्षं राहते. पहिल्या वर्षी समोरचा म्हातारा दर मंगळवारी माझा कचऱ्याचा रिकामा डबा रस्त्यावरून उचलून आत आणून ठेवायचा. मी नवऱ्याला सांगायचे, हा माणूस आपल्यावर पाळत ठेवतो. पुढे कळलं, की डबा संध्याकाळपर्यंत बाहेर राहिला की घरात कुणी नाही हे चोराला कळतं, म्हणून तो ओळीतल्या सगळ्याच नोकरदारांचे डबे आत ठेवायचा. त्याच्याशी माझं पहिलं सलग वाक्य झालं तोवर चौदा महिने उलटले होते. आता तो नाही. आजही मंगळवारी डबा बाहेर दिसला की मला त्याची आठवण येते.

आता लेस्टर. तुमच्या पत्रात ‘लेस्टर’ तीनदा आलंय आणि ‘ठाणे’ नऊदा. मी मोजलं. म्हणजे तुमची तुलना ब्रॅडली स्टोक आणि लेस्टरची नाहीच, ती ब्रॅडली स्टोक आणि ठाण्याची आहे. आणि ठाण्याचं जे नऊदा आलंय, त्यात सोसायटी किती? एकदा. समोरच्या काकू, ज्यांच्याकडे तुम्ही किल्ली ठेवायचात. उरलेल्या आठ वेळा आहे ती सातबावन्नची लोकल. लेडीज डब्यातली चौथी सीट, कुणीतरी आणलेल्या गाजराच्या कोशिंबिरीचा डबा, दादरला चढणाऱ्या दोघींसाठी धरलेली जागा, भिशी, तुमचं डोहाळजेवण चालत्या गाडीत झालं ते, दसऱ्याला डब्याला बांधलेलं तोरण. वाढदिवसाला ‘माझ्या ट्रेनच्या मुलींनी धिंगाणा केला असता’ असं लिहून तुम्ही पुढची ओळ खोडलीय.

तुम्ही सकाळी साडेसातला घर सोडायचात आणि रात्री आठला परतायचात. त्या सोसायटीत तुम्हाला शेजार मिळाला कधी? तुमचा शेजार रुळांवर होता, रोज एका ठरलेल्या वेळी जाता-येता. त्या बायका तुमच्या जातीच्या, गावच्या, भाषेच्या होत्या का, हे तुम्ही कधी पाहिलं होतं? पत्रातल्या नावांवरून एक सिंधी, एक मल्याळी आणि एक वसईची ख्रिश्चन दिसते. ‘आपली माणसं’ ती झाली कशामुळे? रोज त्याच वेळी, त्याच डब्यात, अकरा वर्षं दिसल्यामुळे.

लेस्टरला जी आपली माणसं आहेत, ती प्रामुख्याने गुजराती. त्यांतली बरीच कुटुंबं १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातून हाकलल्यावर तिथे आली, आणि बेलग्रेव्ह रोडवर त्यांनी जे उभं केलं ते बघण्यासारखं आहे. दिवाळीत जरूर जा, कढीपत्ता नि ताजी मेथी भरपूर घेऊन या. पण त्यांच्या तीन पिढ्यांचं नातंगोतं, समाजाच्या वाड्या, भजनी मंडळं हे सगळं आधीच बसलेलं आहे. चार महिन्यांपूर्वी आलेली मराठी बाई तिथेही ओळीतल्या घराच्या खिडकीत उभी राहून रस्त्याकडेच बघणार, फक्त समोरच्या पाट्या ओळखीच्या असतील. शिवाय मराठी माणसं इंग्लंडात एका जागी दाटीने राहत नाहीत, ती नोकरीच्या मागे विखुरलीत. आणि नोकरीचं म्हणाल तर तुमच्या नवऱ्याचा व्हिसा त्याच्या कंपनीशी बांधलेला आहे. लेस्टरहून फिल्टनला, म्हणजे त्याच्या कामाच्या जागी, गाडीने एका बाजूचे दोन तास तरी लागतात. नोकरी बदलायची तर नवा मालक परदेशी माणूस ठेवायचा परवाना असलेला हवा, त्याने पुन्हा कागद करायला हवेत. म्हणजे लेस्टरला जाणं म्हणजे बहुधा तुम्ही आणि मुलगा तिकडे, नवरा इकडे. जवळपास दोन वर्षं तसं राहून झालंय ना?

नवऱ्याच्या बाजूलाही एक अडचण आहे, आणि ती तुम्हा दोघांपैकी कुणीच लिहिली नाही. तुमच्याकडे ठाण्याचा फ्लॅट आहे, दोघांच्या नावावर, सध्या भाड्याने दिलेला. ‘इथलं आमचं पहिलंच घर, त्यामुळे टॅक्समध्ये सूट मिळेल’ असं त्याचं म्हणणं. नाही मिळणार. इंग्लंडात पहिलं घर घेणाऱ्याला स्टॅम्प ड्यूटीत जी सवलत आहे, ती ज्याने जगात कुठेही कधीच घर घेतलेलं नाही त्याच्यासाठी आहे. उलट जगात कुठेही ४०,००० पौंडांहून अधिक किमतीचं दुसरं घर तुमच्या नावावर असेल, तर इथल्या घराच्या पूर्ण किमतीवर ५ टक्के जादा भरावे लागतात. हा दर ३१ ऑक्टोबर २०२४ पासूनचा. ठाण्यातला साधा वन-बीएचकेसुद्धा ती रेषा आरामात ओलांडतो. समजा ३,५०,००० पौंडांचं घर घेतलंत. खरोखर पहिल्यांदाच घर घेणारे असतात तर २,५०० पौंड भरले असते. तुम्हाला नेहमीचे ७,५०० आणि वर जादाचे १७,५००, असे २५,००० पौंड पडतील. तुम्ही राहत होतात तोच फ्लॅट विकून त्याच्या बदल्यात हे घर घेतलं, तर ठरावीक मुदतीत जादा रक्कम परत मागता येते, पण पहिल्या घराची सवलत मात्र तरीही मिळत नाही. म्हणजे प्रश्न ‘इथे घर घ्यावं का’ एवढाच नाही, ‘ठाण्याचं घर विकावं का’ हा त्याच्या पोटात बसलाय. त्याचं उत्तर जून महिन्यात द्यायला तुम्ही दोघं तयार आहात का? मला तरी पत्रावरून तसं वाटलं नाही.

भाडं पाण्यात जातं, या म्हणण्याबद्दल तुमच्याच वस्तीचा इतिहास सांगते. ब्रॅडली स्टोक जुनं गाव नाही. एम-४ आणि एम-५ या मोटरवेंच्या बेचक्यातल्या शेतांवर १९८७ मध्ये ते बांधायला घेतलं, खासगी बिल्डरांनी. ब्रॅडली ब्रूक आणि स्टोक ब्रूक या दोन ओढ्यांवरून नाव. घरांचे भाव तेव्हा चढत होते, तरुण जोडप्यांनी धावत जाऊन घरं घेतली. १९८९ च्या ऑक्टोबरात मूळ व्याजदर १५ टक्क्यांवर गेला, भाव कोसळले, आणि शेकडो लोकांच्या डोक्यावर घराच्या किमतीपेक्षा कर्ज जास्त झालं. विकूनही सुटका नाही. आजूबाजूच्या लोकांनी गावाचं नाव फिरवून ‘सॅडली ब्रोक’ करून टाकलं. जुन्या रहिवाशांपुढे तो शब्द काढलात तर अजून हसतात, पण हसू जरा कडवट असतं. आता तसंच होईल असं मी म्हणत नाही. ज्यांनी दम धरला त्यांची घरं पुढे चांगली वधारलीच. पण ज्याला दोन-तीन वर्षांत गाव सोडावं लागू शकतं त्याच्यासाठी भाडं म्हणजे मोकळीक विकत घेणं आहे. तुमचा व्हिसा अजून कायमचा नाही, आणि कायम वास्तव्यासाठीची मुदत पाचवरून दहा वर्षांवर नेण्याचा विचार सरकारने २०२५ मध्ये मांडलेला आहे. म्हणून भाड्याचा खर्च पाण्यात गेला असं मला वाटत नाही.

पुढेमागे नवं घर घेतलंतच, जुन्या फिल्टन विमानतळाच्या जागेवर जी बांधकामं चालली आहेत त्यांतलं किंवा आणखी कुठलं, तर सॉलिसिटरला एक विचारा: घर फ्रीहोल्ड, म्हणजे जमिनीसकट मालकीचं, असलं तरी वर्षाचा इस्टेट चार्ज आहे का, तो कोण ठरवतं, किती वाढू शकतो. बागा, आतले रस्ते, पाण्याचं तळं कौन्सिलने ताब्यात घेतलेलं नसलं की त्याचे पैसे घरवाल्यांकडून घेतले जातात. सोसायटीचा मेंटेनन्स तुम्हाला नवा नाही. फरक इतकाच, की तिथे निदान वार्षिक सभेत उभं राहून भांडता येतं.

तर माझं उत्तर असं: या वर्षी दोन्ही करू नका. घरही नको, लेस्टरही नको. मुलाची शाळा एप्रिलात कळेल, सप्टेंबरात ती सुरू होईल, भाड्याचा करार पुढे न्या. हे वर्ष घरासाठी नाही, सातबावन्नसाठी वापरा. तसा डबा इथे आपोआप येत नाही, तो शोधावा लागतो, कारण ही वस्ती बांधतानाच गाडीवाल्यासाठी बांधली आहे. रस्ते सगळे वळत वळत जाऊन ‘क्लोज’मध्ये संपणारे. आपल्या बोळाचं दुसरं तोंड बंद, त्यामुळे दारासमोरून जाणारा माणूस फक्त तिथेच राहणारा, आणि तोही गाडीत. चार महिने कुणी भेटलं नाही याचा निम्मा दोष या नकाशाचा आहे. तरी तुमच्या क्लोजच्या टोकाला दोन कुंपणांच्या मधून एक अरुंद डांबरी पायवाट जात असेल, नीट बघा. अशा वस्त्यांत त्या असतातच. गाडीने जिथे चार राउंडअबाउट पडतात तिथे त्या वाटेने पाच मिनिटांत पोचता येतं. आणि कुत्रे फिरवणारी, मुलं शाळेत सोडणारी, म्हातारी माणसं, सगळी त्या वाटांवर असतात. तुम्ही नऊ वाजता मुलाला प्रीस्कूलला गाडीने सोडून गाडीनेच परत येता. ती गाडी घरी ठेवा. एवढा एक बदल.

नऊ ते बारा मूल तिथे असतं. तीन वर्षांवरच्या सगळ्या मुलांना आठवड्याला १५ तास, वर्षातले ३८ आठवडे फुकट असतात तेच ते तास. त्या तीन तासांत तुम्ही काय करता, याचं तुमचं उत्तर ‘फोन’ असं आहे, आणि मला ते समजतं. भारतात तेव्हा दुपारची अडीच-तीन, आई झोपायच्या आधी बोलून घ्यायचं. बोला, पण अर्धा तास. उरलेल्या वेळात आठवड्यातले दोन दिवस ठरावीक वेळी ठरावीक जागी दिसा. लायब्ररी आहे, लेजर सेंटरला लागूनच. छोट्या मुलांची गाण्या-गोष्टींची सत्रं असतात तिथे, आणि स्वयंसेवक लागतात. थ्री ब्रुक्सचं रान आहे, तिथे ओढ्यांच्या काठाने तळ्यापर्यंत चाला. त्यातलं सॅव्हेजेस वूड ही गाव वसण्याच्या कितीतरी आधीची राई आहे, एप्रिल-मेमध्ये ती ब्लूबेलच्या फुलांनी निळी होते. आत्ता तिथे चिखल आहे, खोटं कशाला बोलू. रबरी बूट घ्या.

आणि हो, तुम्ही हे गाव फक्त अंधारात पाहिलंय. सप्टेंबरात आलात, डिसेंबरात चारला सूर्य मावळला. जूनमध्ये तो साडेनऊला मावळतो, आणि मग याच बंद दारांतून खुर्च्या बाहेर येतात, कुणी गाडी धुतं, कुणी कुंपण रंगवतं, मुलं क्लोजच्या मध्यात सायकली फिरवतात. बंद बोळाचा तो एक फायदा. इंग्लंडातल्या वस्तीबद्दल जानेवारीत मत बनवणं म्हणजे कोकणाबद्दल जुलैतल्या एसटी स्टँडवरून मत बनवण्यासारखं आहे.

सर्वांत महत्त्वाचं मी मागे ठेवलं, कारण ते तुम्ही एका शब्दात उडवून लावलंय. ‘डिपेंडंट असल्याने घरीच आहे.’ डिपेंडंट हा शब्द कानाला वाईट लागतो, पण स्किल्ड वर्कर व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराला इथे जवळजवळ कुठलीही नोकरी करता येते, वेगळी परवानगी लागत नाही. अकरा वर्षं बँकेत काम केलेली बाई ‘व्हिसा नाही’ म्हणून घरी बसलेली नाही. ती बसलीय कारण मूल लहान आहे, गाव नवं आहे आणि सुरुवात कुठून करायची ते कळत नाहीये. या तिन्ही अडचणी खऱ्या आहेत, पण त्या सुटण्यासारख्या आहेत. ॲझ्टेक वेस्टची ऑफिसं तुमच्या वस्तीला लागून आहेत, अर्धवेळ हिशेबाच्या जागा निघतात. लगेच बँकेतली खुर्ची मिळणार नाही, पहिली नोकरी खालच्या पायरीची असेल. मला पहिली मिळाली ती एका शाळेत जेवणाच्या सुट्टीत मुलांवर लक्ष ठेवायची, रोज सव्वा तास. पगार सांगण्यासारखा नव्हता. पण रोज बाराला चार बायका मला नावाने हाक मारायच्या. नाव चुकीचं उच्चारायच्या, तरी मारायच्या.

एखाद्या सकाळी एम-१ मेट्रोबसने शहरात जा. विलो ब्रूक शॉपिंग सेंटरवरून मिळते. उतरताना ब्रिस्टलची माणसं ड्रायव्हरला मोठ्याने ‘चीअर्स, ड्राइव्ह’ म्हणतात, म्हाताऱ्यांपासून शाळकरी पोरांपर्यंत. ही खास तिथलीच पद्धत. तुम्हीही म्हणा. पहिल्यांदा ओशाळल्यासारखं होतं, तिसऱ्यांदा होत नाही. रस्त्यात कुणी ‘ऑलराइट?’ म्हणालं तर तब्येतीचा तपशील द्यायचा नसतो, तसंच ‘ऑलराइट’ परत करायचं. आपल्या ‘काय, कुठे?’सारखंच ते. आईबाबा मे महिन्यात यायचेत ना, त्यांनाही शिकवा. बाबा रेल्वेत होते म्हणता, त्यांना फिल्टनच्या एरोस्पेस म्युझियममध्ये न्या. कॉन्कॉर्ड विमानांपैकी सगळ्यांत शेवटी उडालेलं विमान तिथे उभं आहे, २००३ च्या नोव्हेंबरात उतरलं ते. आत चढता येतं. ते दिवसभर बाहेर यायचे नाहीत.

नवऱ्याशी बोलताना घरापासून सुरू करू नका, त्याचं गणित लगेच सुरू होईल. तो इथे दोन वर्षांपूर्वीच आलाय. त्याचं ऑफिस आहे, गुरुवारचं बॅडमिंटन आहे. त्याला ‘इथेच राहू’ म्हणावंसं वाटतं यात चूक नाही, त्याला इथली सातबावन्न मिळालीय. तुम्हाला अजून मिळायचीय, इतकंच त्याला सांगा. सांगताना तो पंचवीस हजाराचा हिशेब कागदावर लिहून समोर ठेवलात तर संभाषण बरंच शांतपणे होईल, असा माझा अंदाज.

शेजारणीकडे मात्र याच आठवड्यात जा. कार्डाला कार्डाने उत्तर देऊ नका, लांबत जाईल. आधी खलबत्ता हलवा, दोन सकाळी जाऊ द्या, मग जा. हातात काही न्यायचं असेल तर चार चकल्या पुरे, डबाभर नेलंत तर ती संकोचेल आणि परतफेडीचा विचार करत बसेल. काय बोलायचं ते तुम्ही विचारलंय, तर एवढंच: ‘सॉरी अबाउट द नॉइज, इट वॉज जिंजर फॉर द टी, आय हॅव मूव्ह्ड इट. इज इट बेटर नाऊ?’ जमलं तर खलबत्ताच घेऊन जा दाखवायला. पितळेची जुनी वस्तू बघायला कुणालाही आवडते. आत बोलावलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका, इथे पहिलं बोलणं उंबऱ्यावरच होतं. फक्त वेळ बघून जा. ती शिफ्टवाली आहे, दुपारीही झोपलेली असू शकते. तिच्या वरच्या खिडकीचा पडदा सरकवलेला दिसला, की मगच बेल वाजवा.